नजरेची प्रत

लग्नाच्या चित्रणातून माणसांची नजर मोजणारी प्रणाली कराडला आली, तेव्हा कंटाळवाण्या कामातून सुटका झाली एवढंच सगळ्यांना वाटलं. तिला घाबरायचं कारण कुणाला दिसलं नव्हतं.

रेणुका पिसाळ आणि सलीम मुलाणी यांचा स्टुडिओ शनिवार पेठेत पहिल्या मजल्यावर होता. सलीम चित्रण करायचा, रेणुका संकलन. एका लग्नाला सहा कॅमेरे लागत, शिवाय कार्यालयाच्या छताला कायमचे बसवलेले वेगळे. कार्य उरकलं की रेणुकापुढे साठ-सत्तर तासांचं चित्रण येऊन पडायचं. त्यातून दोन तासांची फिल्म काढायची म्हणजे आधी एकेक शॉट वेगळा करून बघणं आलं. पूर्वी हे शॉट फक्त वेळेच्या क्रमानं बघता येत. पुढे ठिकाणानुसार लावता येऊ लागले, मग चेहऱ्यानुसार. एका मामांच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की मामा असलेले सगळे शॉट एका ओळीत. नव्या प्रणालीनं आणखी एक मांडणी दिली. नजरेनुसार.

तिच्यामागचं विज्ञान फार गुंतागुंतीचं नव्हतं. माणसाच्या बुबुळाभोवती पांढरा भाग बराच दिसतो. इतर बहुतेक प्राण्यांचा एवढा दिसत नाही, म्हणून ते कुठे बघताहेत हे लांबून कळत नाही. माणसाचं चटकन कळतं. समोरून बघितलं तर बुबुळ गोल दिसतं, डोळा वळला की लंबगोल. किती लंबगोल, यावरून डोळा किती वळला हे काढता येतं. कॅमेरे पुरेसे बारीक टिपणारे असले आणि वेगवेगळ्या कोनांत असले, की संगणक अख्ख्या कार्यालयाचा त्रिमितीय नकाशा तयार करतो आणि प्रत्येक डोळ्यातून एक सरळ रेषा काढतो. ती रेषा ज्या चेहऱ्यावर जाऊन थांबेल, त्या चेहऱ्याकडे माणूस बघत होता.

पहिल्या काही लग्नांत एक अडचण आली. मुंडावळ्यांचे मोती नवरा-नवरीच्या डोळ्यांपुढे लोंबत आणि रेषा तिथेच अडे. संगणकाच्या मते नवरी दिवसभर मोत्यांकडे बघत होती. रेणुकानंच प्रणाली बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. कंपनीनं तत्परतेनं सुधारणा केली. रेषेच्या वाटेत चेहरा सोडून दुसरं काहीही आलं, मोती, हार, कुणाचा हात, तर ते नाही असं समजायचं आणि पुढचा चेहरा सापडेपर्यंत रेषा न्यायची. मोठ्या पडद्यांवर नवरीचीच छबी दिसत असे, तिचाही घोळ व्हायचा. म्हणून एकाच माणसाचा दुसरा चेहरा कुठे दिसला तर तोही वगळायचा. यानंतर प्रणाली उत्तम चालू लागली.

"माझ्या निकाहाला हे नव्हतं ते बरं," सलीम म्हणाला होता. "मी सगळा वेळ बिर्याणीच्या हंडीकडे बघत होतो. सासऱ्यांनी पोरगी परत नेली असती."

"हंडी चेहऱ्यात धरत नाहीत सलीमभाई. रेषा पुढे गेली असती."

"पुढे आचारी होता. मग तर झालंच."

सोय होती ती नवरा-नवरी एकमेकांकडे बघतानाचे शॉट शोधायची. पण पहिल्याच मोसमात एका मुलीच्या वडिलांनी संकलित फिल्मऐवजी ती मांडणीच मागितली. मुलीचा नवरा लग्नात कुणाकडे किती वेळ बघत होता, एवढंच त्यांना हवं होतं. मग दुसऱ्यांनी मागितली. मांडणी बघायला सोपी होती. पडद्याचे दोन भाग, डावीकडे बघणाऱ्याचे फक्त डोळे, उजवीकडे ज्याच्याकडे बघितलं त्याचा चेहरा, खाली किती वेळ ते. सगळ्यांत लांब नजर सगळ्यांत वर. आवाज नाही, मागचा देखावा नाही, लग्नातला कोणता विधी ते नाही. लोक म्हणायचे, यात लबाडीला जागाच नाही.

तीन वर्षांत लग्न ठरवण्याची रीतच बदलली. पत्रिका जुळली, पसंती झाली, की मुलीकडचे विचारू लागले, "तुमच्या घरातल्या मागच्या लग्नाची नजरेची प्रत आहे का?" सासू थोरल्या सुनेकडे कशी बघते, दीर-नणंदा कशा बघतात, हे बघून मुलगी द्यायची की नाही ते ठरू लागलं. प्रत दोन्ही घरांनी एकत्र बसून बघायची असा शिष्टाचार पडला. मुलाच्या घरी, टीव्हीवर, पोहे खाताना. ब्युटी पार्लरवाल्या मेकअपबरोबर नजरेचा सराव घेऊ लागल्या. नवरीनं दर थोड्या वेळानं नवऱ्याकडे आणि सासूकडे बघायचं, तेही नुसतं नाही, डोळ्यांत थोडं हसू ठेवून.

संकलकांनी आपल्यापुरते दोन नियम केले. प्रत देण्याआधी वरच्या नोंदी वेळेच्या मांडणीत उघडून पडताळायच्या, हा पहिला. आणि स्वतःच्या घरचं लग्न नजरेच्या मांडणीत उघडायचं नाही, हा दुसरा. साताऱ्यातल्या एकानं ते उघडलं होतं, आणि नंतर तो सख्ख्या भावाशी बोलेनासा झाला होता. तेव्हापासून घरचं काम असलं तर यंत्राला द्यायचं, तयार झालेली प्रत न बघता बंद करायची आणि देऊन टाकायची. दुसरा नियम पाळला की पहिला मोडतो, हे सगळ्यांना दिसत होतं. पण दुसरा नियम लाजेचा होता, म्हणून तो जास्त कडक पाळला जाई.

रेणुकानं स्वतः लग्न केलं नव्हतं. लग्नं बघूनच पोट भरलं, असं ती सांगायची. आई-वडील गेल्यावर धाकट्या केतकीचं लग्न तिनंच लावून दिलं होतं, कराडमध्येच, शेलारांच्या घरी. केतकी दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती. नवरा विक्रांतचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि बरं चाललं होतं. केतकी मांजरासारखी कुठेही रुळते, असं रेणुका म्हणायची, आणि त्यात कौतुक होतं.

मार्चमध्ये केतकीच्या सासूबाईंचा, जयमालाबाईंचा फोन आला.

"रेणुका, आपल्या यशोचं जमतंय गं. विट्याचे कदम आहेत, माणसं चांगली आहेत. त्यांना आपल्याकडच्या लग्नाची ती प्रत बघायची आहे. तूच केलं होतंस ना सगळं चित्रण?"

"हो काकी. सांभाळून ठेवलंय."

"मग शुक्रवारपर्यंत करून दे. रविवारी येणार आहेत. घरचंच काम आहे, तुला काय सांगायचं."

यशोधन हा जयमालाबाईंचा धाकटा मुलगा, केतकीचा दीर. रेणुकानं त्याच दिवशी चित्रण यंत्राला दिलं. सलीमला पडताळायला सांगता आलं असतं, पण तो फलटणला तीन दिवसांच्या लग्नावर होता आणि तिच्यापुढे आणखी कामं पडली होती. प्रत तयार झाली. तिनं ती न उघडता बंद केली आणि शुक्रवारी शेलारांच्या घरी स्वतः नेऊन दिली. जयमालाबाईंनी चहा दिला. केतकी कामावर होती.

सोमवारी दुपारी केतकी स्टुडिओचा जिना चढून आली. हातात कपड्यांची बॅग होती.

"ताई, तू बघितली होतीस का ती प्रत?"

"नाही. घरची आपण बघत नाही, तुला माहीत आहे. काय झालं?"

केतकी खुर्चीत बसली. सलीम बाजूच्या टेबलावर लेन्स पुसत होता. तो उठून दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

"आधी आईंची लागली," केतकी म्हणाली. "त्यांची सगळ्यांत लांब नजर यशोधनवर. पाऊण मिनिट. डोळे अगदी भरून आलेले. कदमांच्या काकू म्हणाल्या, लेकरावर किती जीव आहे बघा. सगळे हसले. आईंनी पदर डोळ्याला लावला. मग माझी लागली."

"मग?"

"माझी पण यशोधनवर. तेवढीच. पाऊण मिनिट. विक्रांतवर त्याच्या निम्मी पण नाही. ताई, माझे डोळे होते ते. आणि असे होते की... मला माहीतच नव्हतं मी कुणाकडे असं बघते. पाणी आलेलं, हसू आलेलं. आणि शेजारी त्याचा चेहरा."

"कुणी काय म्हटलं?"

"कुणी काही नाही म्हटलं. कदमांच्या मामांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, पुढचं बघायची गरज नाही. ते गेले. मग आई म्हणाल्या, पोहे कुणी खाल्लेच नाहीत. ते पण मला नाही, भिंतीला सांगितलं. यशोधन मोटरसायकल घेऊन निघून गेला, सकाळपर्यंत आला नाही."

"आणि विक्रांत?"

केतकीनं बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला.

"ताई, मी खरंच बघितलं असेन का गं? मला एक सेकंद पण आठवत नाही. पण डोळे तर माझेच आहेत. रात्रभर मी आठवत होते. जेवणं चालू असताना तो वाढायला होता, तेव्हा बघितलं असेन? मनात काही नसताना माणूस असं बघेल का?"

"गप्प बस," रेणुका म्हणाली. तिनं खुर्ची संगणकाकडे वळवली आणि इतकी वर्षं पाळलेला नियम मोडला.

पहिली नोंद उघडली. डावीकडे केतकीचे डोळे. तिनं सांगितलं होतं तसेच. उजवीकडे यशोधन, फेटा बांधलेला, सरळ समोर बघणारा. मग रेणुकानं मांडणी बदलली. नजरेवरून वेळेवर.

आता पडद्यावर अख्खा शॉट होता, आवाजासकट. सूनमुख चाललं होतं. जयमालाबाई सुनेला कुशीशी घेऊन बसल्या होत्या आणि त्यांनी दोघींच्या समोर चांदीच्या मुठीचा आरसा धरला होता. रीतीप्रमाणे सासू आरशातच सुनेचं तोंड बघत होती आणि सून आरशातच सासूचं. मागून कुणी म्हणालं, "केतकी, आता हीच तुझी आई बरं का," आणि केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती आरशातल्या बाईकडे बघून हसली. आरशाच्या मागे, दोन हातांवर, यशोधन सुनेला द्यायच्या साडीचं ताट घेऊन उभा होता.

सलीम आत आला होता. तो मागे उभा राहून बघत होता.

"आरसा," तो म्हणाला.

"आरसा चेहरा नाही," रेणुका म्हणाली. "मोत्यांसारखाच. रेषा त्याच्यातून आरपार गेली. आरशात दिसणाऱ्या काकी म्हणजे दुसरा चेहरा, तो वगळला. राहिला कोण, तर हा ताटवाला."

"ती मोत्यांची तक्रार आपली होती."

"माझी होती."

केतकी पडद्याकडे बघत राहिली. "मी आईंकडे बघत होते," ती म्हणाली. तिनं ते दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा जरा हळू.

रेणुकानं कंपनीला चूक कळवली. उत्तर तासाभरात आलं. सूचनेबद्दल आभार मानले होते. हाती धरलेल्या आरशांचा विचार पुढच्या आवृत्तीत केला जाईल असं म्हटलं होतं, आणि सध्या अशा नोंदी संकलकानं पडताळून घ्याव्यात असा सल्ला दिला होता. प्रणाली ज्या देशांतल्या लग्नांवर शिकली होती, तिथे सासू आरसा धरत नव्हती.

संध्याकाळी रेणुका एकटीच शेलारांच्या घरी गेली. जयमालाबाई आणि विक्रांत होते. यशोधन आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. तिनं टीव्हीवर तोच शॉट दोन्ही मांडण्यांत लावला. आधी नजरेनुसार, मग वेळेनुसार, मग पुन्हा नजरेनुसार.

जयमालाबाई टीव्हीच्या जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "हा माझा आंबा रंगाचा शालू."

"हो काकी. सूनमुख आहे हे. ती तुमच्याकडे बघत होती."

"आरशात."

"आरशात."

विक्रांतनं रिमोट हातात घेतला, शॉट एकदा मागे नेला, पुन्हा बघितला आणि रिमोट ठेवून दिला.

"मग माझं ते?" जयमालाबाईंनी विचारलं. "मी यशोकडे बघत होते असं दाखवलं, ते?"

"तीच वेळ, तोच आरसा. तुम्ही केतकीकडे बघत होता."

एकच चूक दोघींच्या नावावर लागली होती. ती एकीची माया ठरली होती आणि दुसरीचं पाप. हे कुणीतरी बोलून दाखवावं अशी रेणुकाची अपेक्षा होती. तिनं विक्रांतकडे बघितलं, मग जयमालाबाईंकडे.

"म्हणजे मी तिच्याकडे इतक्या मायेनं बघितलं होतं," जयमालाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नवल होतं आणि हळूहळू समाधानही आलं. "बघ विक्रांत. पाऊण मिनिट. आणि लोक सासवांना नावं ठेवतात. रेणुका, अशीच दुरुस्त प्रत काढून विट्याला पाठव. माझं वर राहू दे."

"आणि केतकी, काकी? ती दुपारपासून माझ्याकडे आहे."

"तिला कुणी जा म्हटलं होतं? तीच बॅग भरून गेली. तुझ्या मशीननं केलं आणि बोल आमच्यावर. मी घरात एक शब्द वाकडा बोलले असेन तर सांग."

ते खरं होतं. शब्द कुणीच बोललं नव्हतं.

रेणुकानं दुरुस्त प्रत विट्याला पाठवली, सोबत सगळा खुलासा. दोन दिवसांनी कदमांच्या मामांचा फोन आला. ते नम्रपणे बोलले.

"ताई, तुमचं म्हणणं आम्हाला पटलं असं समजा. पण तुम्ही सुनेच्या सख्ख्या बहीण. पहिली प्रत मशीननं काढली, दुसरी तुम्ही हातानं. आम्ही कोणती धरायची तुम्हीच सांगा."

"पहिली पण मीच काढली होती मामा."

"ती न बघता काढलेली होती. तीच खरी, असं आमच्या घरात म्हणतात. राग मानू नका. आम्ही दुसरीकडे बोलणी केलीत."

सलीमला तिनं हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही. "न बघता काढलेली खरी," तो म्हणाला. "मग आपण इथे बसतो कशाला?"

केतकी दोन आठवडे कराडला लागूनच्या मलकापूरला रेणुकाच्या फ्लॅटमध्ये होती. कामावर जायची, यायची. विक्रांत रविवारी सकाळी आला. बूट दाराशी काढून तो सोफ्याच्या कडेला बसला. रेणुका चहा टाकायला आत गेली. स्वयंपाकघर आणि बैठकीत भिंत नव्हती, नुसता ओटा होता.

"आई म्हणाली, घेऊन ये," विक्रांत म्हणाला.

"आई म्हणाल्या. तू काय म्हणालास?"

"मी आलोय की."

"यशोधन बोलतो का तुझ्याशी?"

"बोलतो. त्याला पण कळलंय सगळं. तो काय तुझ्यावर रागावलेला नाही."

"माझ्यावर," केतकी म्हणाली.

विक्रांत म्हणाला, "चूक मशीनची होती. ताईंनी दाखवली, आईनं मान्य केलं, विषय संपला. अजून काय पाहिजे तुला?"

"त्या दिवशी प्रत चालू होती. माझे डोळे लागले, शेजारी यशोधन लागला. तेव्हा तू कुठे बघत होतास?"

"टीव्हीकडे. सगळेच तिकडे बघत होते."

"मी तुझ्या शेजारी बसले होते."

"अगं, समोर दिसत होतं ते. मला काय माहीत चूक आहे म्हणून?"

"तुला माहीत असायची गरज नव्हती. माझ्याकडे वळून विचारायचं होतंस. हे काय आहे, एवढंच."

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस? तुला स्वतःला आठवत नव्हतं. ताईंना तू काय विचारलंस ते सलीमभाईंनी सांगितलं मला. म्हणालीस, मी खरंच बघितलं असेन का. तुलाच खात्री नव्हती, तर मी कुठून आणू?"

सलीमनं ते केतकीची कीव येऊन सांगितलं असणार, हे रेणुकाला ओट्यापाशी उभं राहून कळलं. चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला.

केतकी उठली, आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली. ती आधीच भरलेली होती.

"जायलाच पाहिजे असं नाही," रेणुका म्हणाली. "इथे राहा. हवं तेवढे दिवस."

"काय कारण सांगून राहू, ताई? त्यानं मारलं नाही. आई वाकडं बोलल्या नाहीत. चूक तर मशीनची निघाली, तूच शोधून दिलीस. आता मी नाही गेले तर लोक म्हणतील, काहीतरी होतंच."

विक्रांतनं तिच्या हातातली बॅग घेतली. चहा कुणी घेतला नाही.

यशोधनचं लग्न पुढच्या वर्षी झालं, शिराळ्याच्या मुलीशी. चित्रण सलीमनं केलं. सूनमुखाच्या वेळी भटजींनी आरसा मागितला, तेव्हा जयमालाबाईंनी नको म्हणून सांगितलं. "परत घोळ व्हायचा. मी सरळच बघते." त्यांनी नव्या सुनेची हनुवटी धरून तिच्या तोंडाकडे सरळ बघितलं, कॅमेऱ्याकडे बाजू येईल अशा बेतानं, आणि जरुरीपेक्षा थोडं जास्त वेळ. सलीमनं नंतर सांगितलं, आजकाल सगळीकडे असंच करतात. आरसा ताटात पडून असतो.

प्रत घरच्या माणसांसाठीच हवी होती. पुढेमागे यशोधनच्या चुलतभावाचं निघालं तर उपयोगी पडेल, असं जयमालाबाई म्हणाल्या होत्या. रेणुकानं या वेळी यंत्राला काम दिलं आणि सगळ्या नोंदी स्वतः उघडून पडताळल्या. जयमालाबाईंची नव्या सुनेवरची नजर सगळ्यांत वर होती. यशोधन नवरीकडे बघत होता, नवरी शिकवल्याप्रमाणे सगळ्यांकडे. विक्रांतच्या नोंदी कॅटररपाशी आणि मित्रांपाशी होत्या.

केतकीच्या नावापुढे काही नव्हतं.

रेणुकाला आधी वाटलं, यंत्रानं चेहराच ओळखला नाही. तिनं मांडणी बदलून चेहऱ्यानुसार लावली. केतकी कितीतरी शॉटमध्ये होती. वरमाईच्या मागे, कलश घेतलेली, पंगतीत वाढणारी, नव्या जावेच्या पदराला टाचणी लावणारी, ग्रुप फोटोत दुसऱ्या ओळीत. तिनं एकेक उघडला. केतकी हसत होती, लोक बोलले तर उत्तर देत होती. डोळे कलशावर होते, ताटावर होते, टाचणीवर होते, जमिनीवर होते. पंगतीत कुणी "केतकी" म्हणून हाक मारली तेव्हा तिनं मान वळवली आणि हाक मारणाऱ्याच्या हातातल्या वाटीकडे बघितलं. एका शॉटमध्ये विक्रांत तिच्याशी बराच वेळ काही बोलत होता. ती त्याच्या शर्टाच्या बटणाशी बोलत होती. इतकं करताना ती कुठे अडखळली नव्हती, कुणाला धक्का लागला नव्हता, कुणाला विचित्र वाटल्याचंही चित्रणात कुठे दिसत नव्हतं. फार सराव केल्याशिवाय हे जमत नाही.

रेषा होत्या. सगळ्या कुठल्याही चेहऱ्यापर्यंत न पोचता जमिनीला लागून संपत होत्या.

दुपारी जयमालाबाईंचा फोन आला.

"रेणुका, झाली का प्रत?"

"झाली, काकी."

"या वेळी तू स्वतः बघितलीस ना?"

"सगळी बघितली."

"केतकीचं काही नाही ना त्यात? म्हणजे कुणाकडे..."

रेणुकापुढच्या पडद्यावर केतकी साडीचं ताट घेऊन उभी होती, हसत, मान किंचित खाली.

"नाही काकी," ती म्हणाली. "कुणाकडेच नाही."

"बरं झालं," जयमालाबाई म्हणाल्या. "शहाणी आहे हो पोर."